पुरं गाऱ्हाणं

राऊळ साहेबांनी काठी टेकली आणि मी नुकत्याच सारवलेल्या घरापुढच्या खळ्यात तिचा गोल ठसा उमटला.

"चुकलं वयनी. ओलं असेल असं वाटलं नाही." ते मागे सरले. मागे सरतानाही काठी टेकलीच. दुसरा ठसा उमटला.

"ऱ्हवांदे, सुकात," मी म्हटलं आणि शेणाचे हात धुवायला दोणीकडे गेले. पाणी घेताना पुन्हा ठशांकडे बघितलं. काठीच्या बुडाला पितळी टोपी होती. तिची कड मातीत नेमकी उतरली होती, आणि कडेला एका जागी नखाएवढी खाच.

तांब्यातलं पाणी पायावर सांडलं तेव्हा मी भानावर आले.

"अण्णा कसे आहेत?" साहेबांनी पडवीकडे बघत विचारलं.

"आसत तशेच."

अण्णा, म्हणजे माझे यजमान, पडवीतल्या बाकड्यावर बसून होते. आम्ही गुरव. आंबेगाळूच्या रवळनाथाची पूजा आमच्या घराकडे. अण्णांची एक बाजू वाऱ्याने गेली तेव्हा जीभही गेली. गावाला प्रश्न पडला, आता देवाला गाऱ्हाणं कोण घालणार, कौल कोण लावणार? मग बैठकीत ठरलं, की कौलाच्या कळ्या अण्णांनी चांगल्या हाताने लावाव्यात आणि गाऱ्हाणं मी म्हणावं. हात त्यांचा, तोंड माझं. माझा आवाज मुळातच बारीक. मी उभी राहिले की देवळात पोरंसुद्धा गप्प व्हायची, नाहीतर ऐकूच यायचं नाही.

साहेब बाकड्याच्या टोकाला टेकले. "उद्या सोमवार. कौल घ्यायचा आहे, वयनी. वासूचा."

मी हात पुसत उभी राहिले.

साहेब आमच्याच गावचे. उभी हयात सीमेवरच्या निमलष्करी दलात काढून छातीवर बिल्ले घेऊन परत आले, तेव्हा गावाने फाट्यापासून त्यांची मिरवणूक काढली होती. गोव्याची हद्द आमच्यापासून जवळ. फाट्यावर गर्दच्या पुड्या मिळायला लागल्या होत्या. चांगली शिकती पोरं काजूच्या बागेत पालापाचोळ्यात पडून राहायची. पोलीस यायचे, चहा घेऊन जायचे. साहेबांनी तरुण पोरं गोळा केली. शाळेच्या मैदानात कवायत सुरू झाली. खाकी पँटी आल्या, शिट्ट्या आल्या, आणि साहेबांच्या जुन्या छावणीतून पितळी टोपीच्या काठ्या आल्या. रजेवर आलेले त्यांचे जवान येऊन पोरांना शिकवायचे. नाव ठेवलं ग्रामरक्षक दल. सगळ्यांनाच हायसं वाटलं. मलाही वाटलं.

मग पुड्या विकणारा एकजण मोडलेला पाय ओढत गोव्याला पळाला. दुसरा खाडीत सापडला. बुडून मेला, असं दलाने सांगितलं. गावाने ऐकून घेतलं, पण विहिरीवर बायका कुजबुजू लागल्या. आणि आता हा तिसरा. वासू मेस्त्री, फाट्यावर सोड्याचा गाडा लावणारा. बाटल्यांच्या खोक्याखाली पुड्या ठेवायचा हे पोराटोरांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी दलाने त्याला उचलून बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या शेडमध्ये बांधून ठेवला होता.

"देवाचा कौल मिळाला की गाव मागे उभं राहील," साहेब म्हणाले. "उद्या कोणी पोलिसांत जाऊन तोंड उघडायचं नाही. ही शेवटची कारवाई. त्यानंतर या गावात पुडी शिरणार नाही, हा माझा शब्द."

"कारवाई म्हंजे?"

"ते तुम्ही विचारू नये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कळ्या तुम्हीच भिजवता ना? डावीकडची जरा जास्त ओली ठेवा. उजवी आधी सुटेल, देवाचा होकार झाला. अण्णांच्या हातात काय आहे? पाणी तुमच्याच हातचं."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचे डोळे साहेबांवर रोखलेले होते.

"आपल्या दिगूसाठीच करतोय हे सगळं," साहेब म्हणाले. "तुम्हाला तरी समजायला हवं."

दिगू माझा एकुलता एक. गर्दच्या पायी वाया गेला आणि दल उभं राहिलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, मरून पडलेला सापडला. नशेत गेला, असं सगळे म्हणाले. मी काही म्हटलं नाही. साहेबांनीच धावपळ करून लाकडं आणली होती, अंधार पडायच्या आत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून मी अळणी जेवत होते. लोकांना वाटायचं, दुःखाने मीठ सोडलं. माझे बाकीचे नेम सगळ्यांना माहीत होते. दिवा लावल्याशिवाय पाणी नाही, कोणाला टाकून बोलणं नाही, खोटं तर नाहीच. मिठाचं मात्र कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, अण्णांनासुद्धा.

"देवाच्या कामात मी पाण्याची चलाखी करूचंय नाय, साहेबानू," मी म्हटलं. "पण गाराणा मी घालतलंय. पुरा घालतलंय."

त्यांचा चेहरा खुलला. "बस. तेवढंच हवंय."

"मगे वासूक चालत आणा, बांधून नको. जे हात उचलतले ते सगळे उपाशी पोटी म्होरे उभे ऱ्हवाक व्हये. रीतच आसा ती."

"रीत म्हणजे रीत," साहेब उठले. "माझी पोरं लाइनीत उभी राहतील."

ते गेले. सारवण सुकत आलं होतं. ठसे जिथल्या तिथे होते. मी त्यांवर बोट फिरवून बघितलं आणि तसेच ठेवले.

दिवेलागणीला बाबल आला. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, दिगूच्या बरोबरीचा. दोघं एका ताटात जेवून वाढले. दिगू गेल्यापासून बाबल आमच्याकडे जेवला नव्हता. कधी पोट बिघडलेलं असायचं, कधी उपवास. दलात तो पहिल्यापासून होता.

त्याने काठी पायरीला टेकून ठेवली आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"आत ये रे."

"नको. घाय आसा." तो पायाच्या अंगठ्याने पायरी खरवडत होता. "काकी, उद्या तू देवळात येव नको. बरा नाय म्हणान सांग."

"माका तर बरा आसा. खोटा कित्या सांगू?"

"तुझो तो नेम घाल चुलीत!" तो एकदम ओरडला आणि लगेच खाली बघू लागला. "वासूचा काय तां होयत. तू मदी पडा नको. तुका तरास होयत."

"वासू जिवंत आसा मा?"

"आसा."

"तेका जेवण दिल्यात?"

त्याने काठीकडे बघितलं. मी आत जाऊन केळीच्या पानात भात आणि कुळथाची पिठी बांधली. "ह्यां वासूक नेवन् दी. आणि ह्यां तुका." मी दुसरी पुडी पुढे केली.

"माका भूक नाय."

"माज्या हातचा तुका जायना झाला काय रे, बाबल?"

त्याने वासूची पुडी घेतली, आपली घेतली नाही. काठी उचलली. पायरीवर चुलीची राख सांडलेली होती. काठी जिथे टेकलेली होती तिथे गोल उमटला होता, आणि कडेला तीच खाच. दलाच्या सगळ्या काठ्या एकाच साच्यातल्या.

अण्णांना जेवण भरवताना मी त्यांचा चांगला हात हातात घेतला. "उद्या कळ्यो हातात घेवन् बसा. पण माज्या तोंडातसून 'आता लावा' इल्याशिवाय लावू नका. कोणी सांगल्यान तरी नाय."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कशाला, असं डोळ्यांत होतं. मग मान हलवली.

सकाळी आंघोळ करून ओलेत्याने देवाचा दिवा लावला. तगरीच्या दोन कळ्या खुडल्या आणि एकाच तांब्यात, एकाच पाण्यात बुडवल्या. आमच्याकडे कौल असा असतो: देवाच्या छातीवर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाण्यात विचारायचं ते विचारायचं, आणि उजवी आधी पडली तर होकार. पण कळ्या बोलतात त्या गाऱ्हाण्याला. गाऱ्हाणं अर्धं असेल तर कौलही अर्धा, असं माझे सासरे म्हणायचे. आणि जुनं काही दडवून नवं मागितलं, तर देव ऐकत नाही.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे दलाची पोरं खाकीत, डोकी उघडी, काठ्या पायाशी. एका कडेला वासू. त्याचा ओठ फुटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता. मला बघून त्याने हात जोडले.

"गुरवीण काकी, पिठी बरी होती गो," तो कसाबसा म्हणाला.

"मरणाच्या दारात उभो आसा आणि पिठी आठवता मेल्याक!" मागून कोणीतरी म्हणालं. दोन-चार जण हसले. म्हातारे मानकरी तात्या परब खेकसले, "गप ऱ्हवा रे! देवळात आसास काय सर्कशीत?"

अण्णांना दोघांनी धरून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसवलं. मी त्यांच्या तळहातावर दोन्ही कळ्या ठेवल्या. मग खांबाजवळ, माझ्या जागेवर उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, ह्या गावच्या धन्या! तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत. तेंच्या मनातला मी तुझ्या कानार घालतंय. चुकलामाकला पदरात घी, महाराजा."

"व्हय महाराजा!" सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं.

"ह्यो वासू मेस्त्री. ह्येणा फाट्यार इख इकल्यान. गावची कोवळी पोरां नासवल्यान. ह्यां खरा, महाराजा."

"व्हय महाराजा!" आवाज इतका चढला की घंटेची साखळी थरथरली. वासूने मान खाली घातली. साहेबांनी समाधानाने डोळे मिटले होते.

"आज ह्या दल ह्येका मारूक निघाला आसा. ह्यो जगूक व्हयो की मरूक व्हयो, ह्यां इचारतत. मारतलो तो हात लपान ऱ्हवाचो नाय. एक हात विश्राम राऊळ साहेबांचो. एक हात आमच्या बाबलाचो. एक हात परबांच्या गुणाजीचो. एक हात तेल्यांच्या शिरीचो." मी एकेकाचं नाव घेत गेले, बापाच्या नावासकट, घराच्या नावासकट. "ह्यो मेलो तर ह्येच्या पोरांचे तळतळाट ह्येंच्या पोरांक लागतले. तां ह्येंका कबूल, तुझ्या साक्षीन कबूल, महाराजा."

या वेळी आवाज आला तो मागून, आणि तोही तुटक. पुढच्या रांगेतून कोणी काही बोललं नाही. गुणाजीने बापाकडे बघितलं. बाप, तात्या परब, जमिनीकडे बघत होते.

साहेब पुढे सरले. "वयनी, एवढं लांबवायचं कारण नाही. अण्णा, कौल लावा."

अण्णांनी मूठ मिटली.

"गाराणा पुरा झाला नाय, साहेबानू," मी म्हटलं. आवाज वर जाईना, म्हणून सगळ्यांनाच श्वास धरून ऐकावं लागलं. "नवीन मागूच्या आदी जुना सांगूक व्हया. देवा महाराजा, माजो दिगू सड्यार मरान पडलो. गर्दान मेलो म्हणान गावान मानल्यान. पण तेका मी न्हाणयलंय. लाकडां येयसर माज्या मांडयेर तेचा डोक्या होता. तेच्या पाठीर गोल गोल वळ होते. फासळयेर, मानेर. आणि हरेक गोलाच्या कडेक नखाइतकी खाच."

कोणीतरी बाईने "अगो आवशी!" म्हणून तोंडावर हात घेतला.

"त्या दिसापासून मी मीठ सोडलंय. मारणाऱ्याचा नाव तुझ्या म्होरे भायर पडासर मिठाक हात लावचंय नाय म्हणान. तो गोल कसलो, माका इतकी वर्सां कळला नाय. काल माज्या ओल्या खळ्यात कळलो." मी पुढे जाऊन बाबलच्या पायाशी पडलेली काठी उचलली, तिचं बूड दिव्यातल्या काजळीत टेकवलं आणि माझ्या फिक्या लुगड्याच्या पदरावर दाबलं. पदर सगळ्यांना दिसेल असा धरला.

काळं कडं. कडेला खाच.

साहेबांचा चेहरा दगडी झाला होता. पण आवाज स्थिर होता. "वयनी, मग हेही सांगा गावाला. तुमचा दिगू स्वतः पुड्या विकत होता. त्या वासूचाच माल."

"इकी होतो," मी म्हटलं. "दोन मह्यने इकी होतो. माका ठावक आसा, मी तेका चुलीतल्या लाकडान मारलंय सुद्दा. तांव माज्या गाराण्यात आसा, साहेबानू. म्हणान तर सांगतंय. वासूक मारूचो तर दिगूक मारलो तां बरा झाला म्हणाक व्हया. तसा म्हणूची माजी जीभ वळना नाय." मी देवाकडे वळले. "बा रवळनाथा, माज्या दिगूक मारल्यानी ते हात आज हयसर उभे आसत. खरा काय खोटा, तां तुझ्या म्होरे सांगूदेत. मगेच कळयेक हात लागतलो, महाराजा."

दिव्याची वात तडतडली ती ऐकू आली. मी खांबाला टेकले नाही. टेकले असते तर बसलेच असते.

साहेब म्हणाले, "दल! सावधान!"

पोरांनी सवयीने टाचा जुळवल्या. एकाने जुळवल्या नाहीत.

"व्हय महाराजा."

इतक्या बारीक आवाजात, की मला वाटलं मीच बोलले. बाबल होता.

"व्हय महाराजा," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. "साहेब धरान आमी चौघा होतंव. नुसतो धडो शिकवचो, असा साहेब म्हणाले. दिगू माजा नाव घेवन् हाक मारी होतो. मी थांबलंय नाय. लाइन मोडूची नाय म्हणान थांबलंय नाय, काकी."

"बाबल! लाइनीत!" साहेब गरजले.

बाबलने अंगातला खाकी शर्ट काढला आणि साहेबांच्या पायाशी टाकला. त्याच्यामागे गुणाजी परब "व्हय महाराजा" म्हणाला आणि रडायला लागला. त्याच्या बापाने त्याला मारायला हात उचलला, आणि मध्येच हात खाली घेऊन मुलाच्या खांद्यावर ठेवला. मग तेल्यांचा शिरी. साहेब एकटे उभे राहिले. त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं सरकली, जशी वाट द्यावी तशी. त्या वाटेने ते काठी न उचलता देवळाबाहेर गेले.

"आणि कौल गो?" तात्या परबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "कौल लावचो नाय?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चांगल्या बाजूच्याही आणि गेलेल्या बाजूच्याही. मूठ अजून मिटलेली होती. मी ती उघडली. कळ्या चुरगळल्या होत्या.

"इचारण्यासारख्या काय उराक नाय, तात्यानू," मी म्हटलं.

मी वासूचा दंड धरला. "तू सुटलंस म्हणा नको. तालुक्याच्या ठाण्यार माज्यावांगडा येतलंस. माल खंयसून येता, कोण आणता, सगळा सांगतलंस."

"सांगतंय गो. देवाच्यान सांगतंय."

"आणि तू रे?"

बाबलने मान वर केली. "मी पण येतंय."

तालुक्याची गाडी यायला वेळ होता. दोघांना घेऊन मी घरी आले; अण्णांना मानकऱ्यांनी धरून आणून पडवीत बसवलं. खळ्यातले साहेबांच्या काठीचे ठसे सुकून टणक झाले होते. त्यांच्या शेजारूनच आम्ही आत गेलो. चुलीवर सकाळची पेज होती. आधी अण्णांना भरवली, मग तीन वाटग्यांत वाढली. वासूने फुटक्या ओठाने फुंकर घालत प्यायला सुरुवात केली. बाबल मात्र वाटग्याकडे बघत बसला होता.

"जेव," मी म्हटलं.

तो जेवू लागला. इतक्या दिवसांनी माझ्या घरी, माझ्या हातचं. डोळ्यांतलं पाणी पेजेत पडत होतं, तो पुसत नव्हता.

मी फळीवरची मिठाची बरणी काढली. झाकण दमटपणाने घट्ट बसलं होतं, लवकर निघेना. बाबलने उठून काढून दिलं. मी चिमूटभर मीठ घेतलं, माझ्या पेजेत टाकलं, बोटाने ढवळलं.

पहिला घोट घेतला तेव्हा जीभ चरचरली. मग चव आली.